परदेशातलं सत्र, घरची पदवी

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत एक निवृत्त प्राध्यापिका, ज्यांनी मेकॅनिकल विभागात शिकवता शिकवता एक्सचेंजचं आणि अ‍ॅक्रेडिटेशनचं (अभ्यासक्रमाला दर्जाची अधिकृत मान्यता देण्याचं) काम बरीच वर्षं पाहिलं.

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षाचं एक सत्र एक्सचेंजवर जर्मनीतल्या एका विद्यापीठात करायची संधी आहे. आमचा अभ्यासक्रम अ‍ॅक्रेडिटेड आहे. पण सीनियर म्हणतात की जर्मनी वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये नाही, तिथले विषय धरले तर माझ्या पदवीचं अ‍ॅक्रेडिटेशन जाईल. हे खरं आहे का? आणि तिथं एक डिझाइन प्रोजेक्ट आहे, तो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टऐवजी धरला जाईल का?

उत्तर : वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणजे एकमेकांनी मान्यता दिलेले इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम समकक्ष मानण्याचा काही देशांतल्या संस्थांचा करार. जर्मनी त्याची सदस्य नाही, हे तुझ्या सीनियरांनी बरोबर सांगितलं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. अशा ऐकीव गोष्टींवर विसंबून हुशार मुलं एक्सचेंजचा अर्ज मागे घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅक्रेडिटेशन मिळतं ते तुझ्या अभ्यासक्रमाला. ते विद्यार्थ्याला मिळत नाही आणि तू ज्या संस्थेत एक सत्र पाहुणा म्हणून जाणार, तिच्याशी तर त्याचा थेट संबंधच नसतो. पदवी देणारा विभाग हमी देतो, की इथून पास होणारा विद्यार्थी ठरलेल्या किमान गोष्टी शिकलेला आहे. त्यातला काही भाग तो दुसरीकडे शिकला तरी चालतं. फक्त तो भाग आपल्या विषयाच्या तोडीचा आहे, हे विभागानं तपासलेलं असलं पाहिजे आणि त्याची लेखी नोंद असली पाहिजे. एबेट (ABET) ही अमेरिकेतली इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था. तिच्या निकषांत पहिलाच निकष विद्यार्थ्यांविषयी आहे. दुसऱ्या संस्थेत घेतलेल्या विषयांना क्रेडिट कसं द्यायचं याचं धोरण हवं आणि ते पाळलंही गेलं पाहिजे, असं त्यात सांगितलेलं आहे. म्हणजे जबाबदारी घरच्या विभागाची. तू बाहेर जायच्या आधी ज्याची सही मिळवायचीस तो माणूस तुझ्याच विभागात बसतो, जर्मनीत नाही.

आता विभाग मोजतो काय, ते समजून घे. एबेटच्या निकषांनुसार गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून किमान ३० सेमिस्टर क्रेडिट लागतात आणि इंजिनिअरिंगचे विषय किमान ४५ क्रेडिटचे. कॅनडात हिशोब आणखी बारीक आहे. तिथं अ‍ॅक्रेडिटेशन युनिट मोजतात: वर्गातल्या व्याख्यानाच्या एका तासाला एक युनिट, प्रयोगशाळेच्या किंवा ट्यूटोरियलच्या तासाला अर्धं. गणिताची किमान १९५, नैसर्गिक विज्ञानाची १९५, इंजिनिअरिंग डिझाइनची २२५, अशा प्रत्येक प्रकाराच्या वेगळ्या किमान मर्यादा आहेत. आणि तिथं सरासरी विद्यार्थी बघत नाहीत. वेगवेगळे इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, घेऊन पदवीपर्यंत पोचायच्या जितक्या वाटा असतील, त्यातली सर्वांत कमी युनिटांची वाटसुद्धा किमान मर्यादेच्या वर असावी लागते. एक्सचेंजला गेलेल्या विद्यार्थ्याचीही एक वाटच असते. विभाग एक्सचेंजच्या विषयांबद्दल चिकित्सा करतो, त्यामागे हे कारण आहे. तो अडवणूक करतोय असं कृपा करून समजू नकोस.

मुलं आणि पालक सगळ्यात जास्त गोंधळतात ते क्रेडिटच्या रूपांतरात. युरोपातलं इसीटीएस क्रेडिट विद्यार्थ्याच्या एकूण कामाचं माप आहे. वर्षाला ६० क्रेडिट, सत्राला ३०, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम. त्यात व्याख्यान आलं, घरचा अभ्यास आला, परीक्षेची तयारी आली. म्हणजे ५ क्रेडिटचा विषय १२५ ते १५० तासांचा झाला. पण वर्गात बसायचे तास त्यातले किती? एका विषयात साठ असतील, दुसऱ्यात तीसच. अमेरिकी पद्धतीशी ढोबळ हिशोब जुळतो, तिथल्या १५ क्रेडिटच्या सत्राला युरोपातली ३० धरतात, म्हणून 'दोनाला एक' असं सगळे म्हणतात. मात्र तुझा अभ्यासक्रम वर्गातले तास मोजणाऱ्या पद्धतीत बसत असेल, तर 'दोनाला एक' उपयोगाचं नाही. तिथं विषयाच्या माहितीपत्रकातले आठवड्याचे व्याख्यानाचे आणि प्रयोगशाळेचे तास बघायचे आणि सत्राच्या आठवड्यांनी गुणायचं. जर्मन विद्यापीठांच्या विषयसूचीत आठवड्याचे तास बहुतेक वेळा स्वतंत्र दिलेले असतात. ते पान आत्ताच उतरवून ठेव, तारखेसकट. पुढच्या वर्षी ते बदललेलं असतं.

क्रेडिट जुळले म्हणजे विषय जुळला असंही नाही. थर्मोडायनॅमिक्सचं उदाहरण घे. मेकॅनिकलला त्यात ऊर्जेचे नियम, रँकिन आणि ब्रेटन चक्रं, रेफ्रिजरेशन. केमिकलच्या विभागात त्याच नावाच्या विषयात मिश्रणांचा फेज समतोल आणि रासायनिक समतोल यांवर भर असतो. नाव एकच, तासही तितकेच, तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. डायनॅमिक्सचंही तसंच आहे: एका ठिकाणी तो कणांच्या आणि दृढ पदार्थांच्या गतीवर थांबतो, दुसऱ्या ठिकाणी अर्धा विषय कंपनांचा असतो. कधी प्रयोगशाळा त्याच विषयात असते, कधी ती वेगळा विषय म्हणून नोंदवावी लागते, आणि विद्यार्थी ती नोंदवायला विसरतो. माझ्या टेबलावर आलेल्या एक्सचेंजच्या अर्जांत सर्वांत जास्त त्रुटी प्रयोगशाळेच्याच असत. फ्लुइड मेकॅनिक्सची थिअरी उत्तम गुणांनी पास आणि लॅबचा पत्ता नाही. मग परत आल्यावर ती लॅब आपल्या ज्युनियर बॅचबरोबर करायची वेळ येते.

म्हणून माझा आग्रह असा: तिसऱ्या वर्षी बाहेर जाताना इलेक्टिव्ह, मानव्यविद्या, भाषा, व्यवस्थापन असे विषय जास्तीत जास्त तिथं घे, आणि पुढच्या विषयांचा पाया असलेले एखाद-दुसरेच मुख्य विषय घे, तेही ओळ न् ओळ ताडून. पुढच्या सत्रात तुला हीट ट्रान्सफर असेल आणि त्याला फ्लुइड मेकॅनिक्स आधी पास असण्याची अट असेल, तर फ्लुइड घरीच कर. तिकडची गुणपत्रिका यायला दोन-तीन महिने सहज लागतात आणि तोवर इथली नावनोंदणी संपलेली असते.

प्रोजेक्टबद्दल माझं मत ठाम आहे: शेवटच्या वर्षाचा मुख्य डिझाइन प्रोजेक्ट घरच्या विभागातच कर. आधीच्या सगळ्या विषयांत शिकलेलं एकत्र आणून केलेला मोठा डिझाइन अनुभव, ज्यात मानकं आणि अनेक मर्यादा सांभाळाव्या लागतात, हा एबेटच्या निकषांतला अनिवार्य भाग आहे. कॅनडात तर डिझाइनची किमान युनिटं व्यावसायिक परवानाधारक इंजिनिअर असलेल्या प्राध्यापकांकडून शिकवली गेली पाहिजेत, अशी अट आहे. तू तिसऱ्या वर्षी परदेशात केलेला एका सत्राचा प्रोजेक्ट कितीही सुंदर असला, तरी त्याला हे सगळं सिद्ध करायला लावणं म्हणजे विभागाला अडचणीत टाकणं. तो इलेक्टिव्ह म्हणून धरून घे. शिकलेलं वाया जात नाही, आणि त्याच कल्पनेवर शेवटच्या वर्षी घरी पुढचं काम करता येतं.

युरोपात जाणाऱ्यांना लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागद भरावा लागतो. इरॅस्मस या युरोपीय एक्सचेंज योजनेच्या नमुन्यात त्याचे दोन तक्ते असतात. तक्ता 'अ' मध्ये तिथं घेणार ते विषय, तक्ता 'ब' मध्ये त्यांच्या बदल्यात घरी कोणते विषय माफ होणार ते. मुलं 'अ' भरण्यात आठवडे घालवतात आणि 'ब' मध्ये 'इलेक्टिव्ह' असा एक मोघम शब्द लिहून टाकतात. तुझ्यासाठी 'ब' हाच खरा कागद आहे. त्यात आपल्या विषयांचे कोड आणि क्रेडिट एकेक करून लिहून घे, आणि ज्याला ते मंजूर करायचा अधिकार आहे त्याचीच सही घे. तुला आवडणारे, जवळचे प्राध्यापक 'होऊन जाईल रे' म्हणाले, एवढ्यावर विमानाचं तिकीट काढू नकोस.

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकते. तिचा अभ्यासक्रम वॉशिंग्टन अकॉर्डखाली येतो असं प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. मग ती अकॉर्डमधल्याच दुसऱ्या देशात सत्र करणार असेल, तर तिचे क्रेडिट आपोआप धरले जायला नकोत का? विभाग कागदपत्रं कशाला मागतोय?

उत्तर : तुमची काळजी समजते, पण विभागाचं बरोबर आहे. वॉशिंग्टन अकॉर्ड १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थांनी मिळून केला. एकमेकांनी मान्यता दिलेले पूर्ण अभ्यासक्रम साधारण समकक्ष आहेत, एवढंच त्यात मान्य केलेलं आहे. त्याचा उपयोग पूर्ण पदवी घेऊन दुसऱ्या देशात नोंदणीला किंवा पुढच्या शिक्षणाला जाताना होतो. एकेका विषयाचं क्रेडिट इकडून तिकडे नेण्याबद्दल त्यात काही नाही, आणि व्यवसायाचा परवानाही त्यानं आपोआप मिळत नाही.

आणखी एक गोष्ट नीट तपासून घ्या. भारताची नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन २०१४ मध्ये या कराराची पूर्ण सदस्य झाली, पण त्याचा लाभ टियर-१ प्रकारात मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांनाच आहे, म्हणजे विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त संस्था. टियर-२ ची मान्यताही खरीच, पण ती या करारात धरली जात नाही. शिवाय मान्यता एकेका शाखेला आणि ठरावीक कालावधीपुरती असते. कॉलेजच्या दारावरच्या फलकावरून हे कळत नाही. मुलीची शाखा, टियर आणि मान्यतेची वर्षं बोर्डाच्या यादीत स्वतः बघा.

प्रश्न : मॅडम, मी गेल्या सत्रात एक्सचेंजवर होते. तिथं पोचल्यावर मंजूर झालेला मशीन डिझाइनचा विषय रद्द झाला, म्हणून मी त्याच विभागातला दुसरा विषय घेतला आणि चांगल्या ग्रेडनं पास झाले. आता आमचा विभाग म्हणतो की तो धरता येणार नाही. माझं वर्ष वाया जाईल का?

उत्तर : वर्ष वाया जाईल असं लगेच मनात आणू नकोस. विषय रद्द होणं नेहमीचं आहे, आणि लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये तिथं गेल्यावर बदल करायची सोयही असते. फक्त त्या बदलाला तू, घरची संस्था आणि तिथली संस्था अशा तिघांची मंजुरी लागते. ती राहून गेली आहे, म्हणून विभाग हात आखडता घेतोय. 'चांगली ग्रेड आहे' हा युक्तिवाद तिथं चालणार नाही, कारण प्रश्न ग्रेडचा नाही, विषयात काय शिकवलं याचा आहे.

तर विषयात काय होतं ते कागदावर मांड. तिथल्या प्राध्यापकांना आजच मेल पाठवून त्या सत्राचा अधिकृत सिलॅबस, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि प्रकरणं, व्याख्यान आणि लॅबचे तास, परीक्षेचं स्वरूप मागव. तुझ्याजवळचे असाइनमेंट, लॅब रिपोर्ट, प्रश्नपत्रिका शोधून काढ. मग आपल्या मशीन डिझाइनच्या सिलॅबससमोर ते दोन रकान्यांत लिही: शाफ्ट, बेअरिंग, गिअर, धातूचा थकवा (फटीग), बोल्टचे जोड, जे जे आपल्याकडे आहे ते डावीकडे, आणि तिथं ते कोणत्या आठवड्यात झालं ते उजवीकडे. जिथं उजवीकडे काही नाही तिथं रिकामं सोड, लपवू नकोस. हे घेऊन आधी तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेट, विभागप्रमुखांना नंतर. बहुतेक घटक जुळले तर राहिलेल्यासाठी एखादा छोटा प्रोजेक्ट किंवा परीक्षा देऊन विषय धरता येईल का, असं विचार. आमच्या विभागात मी हा मार्ग अनेकांसाठी सुचवला आहे, कारण अ‍ॅक्रेडिटेशनची समिती आली की तिला हाच कागद दाखवता येतो: विषय वेगळा होता, आम्ही तपासला, कमी होतं ते भरून घेतलं. घटक अर्ध्याहून कमी जुळत असतील, तर मात्र हट्ट करू नकोस. तो विषय इलेक्टिव्हमध्ये जातो का ते बघ आणि मशीन डिझाइन पुढच्या सत्रात किंवा उन्हाळी सत्र असेल तर त्यात उरकून घे.

प्रश्न : एक्सचेंजचे गुण घरच्या सीजीपीएमध्ये धरतात का?

उत्तर : हे अ‍ॅक्रेडिटेशनचे नियम ठरवत नाहीत, तुमचं विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या विषयाचं फक्त क्रेडिट घेतात, गुण घेत नाहीत. जिथं गुण घेतात तिथं रूपांतराचा तक्ता जायच्या आधी मागून ठेवा. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम ग्रेड असते आणि ४.० ही पास होण्याची शेवटची पायरी, हे इथल्या परीक्षा विभागात कुणाला माहीत नसेल तर तुमची उत्तम ग्रेडसुद्धा उलटी वाचली जाऊ शकते. म्हणून ट्रान्सक्रिप्टबरोबर ग्रेडिंगचं स्पष्टीकरण देणारं पान जोडूनच द्या.