"पोरगं सारखं हसवतंय, त्याचीच भीती वाटतीया"

"पोरगं सारखं हसवतंय मॅडम, आणि मला त्याचीच भीती वाटतीया."

ज्यांच्या घरी या आई पोळ्या करायला जातात, त्या बाईंनी त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. पदराच्या टोकाला गाठ मारत, पुन्हा सोडत त्या बोलत होत्या. मुलगा अठरा वर्षांचा, पुण्यातच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. अभ्यासात बरा, व्यसन नाही, भांडणं नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याने एकपात्री केली आणि पहिलं बक्षीस आणलं. त्याचा व्हिडिओ सोसायटीतल्या एका मुलाने घरी येऊन दाखवला. व्हिडिओत तो वॉचमन झाला होता. डोक्यावर तिरकी टोपी, हातात लाठी, शब्दाशब्दाला 'शाबजी, शाबजी' म्हणत लाचार हसणारा 'कांचा' नावाचा नेपाळी वॉचमन. मुलं हसून हसून लोळत होती.

या मुलाचे वडील नेपाळी आहेत आणि वॉचमन आहेत. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, "अच्छा किया" म्हणाले आणि ड्यूटीवर गेले.

"दोन दिस ह्यांनी ताटाला नीट हात लावला न्हाई," आई सांगत होत्या. "आन् पोरगं म्हणतंय, आई, गंमत होती, तू लई मनाला लावून घेतीस."

मुलं दुःखावरही विनोद करतात, सगळं हसण्यावारी नेतात, हे चांगलं लक्षण की वाईट, असं अनेक पालक मला विचारतात. म्हणून या कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत लिहिते आहे.

आई खटाव तालुक्यातल्या, दुष्काळी भागातल्या. एकोणिसाव्या वर्षी पुण्यात कामाला आल्या. वडील नेपाळच्या सुदूरपश्चिमेकडच्या अछाम जिल्ह्याचे. त्या डोंगराळ भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानात कामाला येतात. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. महाकाली नदी ओलांडून बनबसाला यायचं, तिथून दिल्ली आणि मग मुंबई-पुण्याची गाडी धरायची. ज्या सोसायटीत वडील रात्रपाळी करत होते, तिथेच आई पोळ्या करायच्या. लग्न झालं आणि आईचं माहेर अकरा वर्षं तुटलं. संसार सोसायटीच्या पार्किंगमधल्या एका खोलीत, पाण्याच्या पंपाला लागून. पहाटे पाचला पंप सुरू झाला की भांडी थरथरायची. मुलगा याच खोलीत वाढला. वरच्या मजल्यांवरून उतरलेले शर्ट त्याने घातले, वरच्याच मुलांच्या जुन्या पुस्तकांवर शिकला.

2020 च्या टाळेबंदीत आईची सगळी कामं एका दिवसात थांबली. वडील मात्र गेटवर चोवीस तास. सीमा बंद, त्यामुळे गावाकडे आजी आजारी असूनही जाता येईना. तेव्हा आठवीतला हा मुलगा रोज रात्री जेवताना सोसायटीच्या सूचना वाचून दाखवायचा. वाचायचा गंभीर आवाजात, पण सूचना स्वतःच्या मनच्या: "सर्व सभासदांना कळवण्यात येते की आजपासून डाळीत पाणी घालण्यास समितीची परवानगी आवश्यक आहे." डाळ खरोखरच पातळ असायची. आई म्हणाल्या, "त्या दिवसांत ह्या पोराच्या हसवण्यावर आम्ही जगलो." हे वाक्य मी जपून ठेवलं. विनोद या मुलाच्या वाट्याला आलेली मोठी ताकद होती, आणि ती मोडायची नव्हती.

तो आला तोच हसवत. खुर्चीवर बसण्याआधी त्याने माझ्या दारावरच्या पाटीची, बाहेर रांगेत बसलेल्या काकांची आणि आईच्या पदराच्या गाठीची नक्कल केली. फार छान केली. मग स्वतःहून म्हणाला, "तो फेमस आयटम बघायचाय ना?" आणि उभा राहून 'कांचा' करून दाखवला. मला हसू आलं. दोन सेकंदच, पण आलं. त्या दोन सेकंदांत तो नक्कल करत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "मी हसले खरी, पण मला ते बरं वाटलं नाही." त्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला.

दुसऱ्या भेटीत त्याने एक वही आणली. मुखपृष्ठावर 'सुधारणा' असं लिहिलेलं. दहावीपासून तो स्वतःला सुधारत होता. पहाटे उठणे, रोज दहा इंग्रजी शब्द, पन्नास जोर, मोबाइल एक तास, दर महिन्याला दोनशे रुपये शिल्लक. कुणीही पाठ थोपटावी अशी यादी. पण पानं उलटत गेले तसं दुसरंच काही दिसायला लागलं. 'आडनाव विचारल्याशिवाय सांगायचं नाही.' 'बाबा उत्तराखंडचे आहेत असं सांगायचं.' 'पत्ता सांगताना बी विंग म्हणायचं, पार्किंग नाही.' 'बाबांना कॉलेजच्या बाजूला येऊ द्यायचं नाही.' प्रत्येकापुढे तारीख आणि बरोबरची खूण होती.

दिसायला तो आईसारखा की वडिलांसारखा, हे सांगणं अवघड आहे, कारण वडीलही नाकीडोळी उत्तराखंडातल्या कुमाऊँकडच्या माणसासारखे दिसतात. नेपाळी म्हणजे बारीक डोळे, ही आपल्याकडची समजूत. ती माहीत असलेली मुलं त्याला कौतुकाने म्हणायची, "तू अजिबात नेपाळी वाटत नाहीस." तो थँक्यू म्हणायचा. या 'थँक्यू'बद्दल सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

स्वतःला सुधारायची धडपड चांगलीच. पण प्रत्येक ओळीपाशी थांबून मी मुलांना एकच विचारते: याने तुझ्यात काही भर पडते, की तुझ्यातलं काही खरवडलं जातं? इंग्रजी शब्दांनी भर पडत होती. 'उत्तराखंड'ने बाप खरवडला जात होता. वहीत दोन्ही एकाच शाईने लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याला फरक दिसत नव्हता.

विनोदाचंही तसंच आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या सवयी मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. ती विनोदाचे चार प्रकार मानते. एक चार माणसांना जवळ आणणारा, दुसरा अडचणीत स्वतःला सावरणारा, तिसरा दुसऱ्याला टोचणारा, चौथा लोकांनी जवळ करावं म्हणून स्वतःलाच पायाखाली घालणारा. या चौथ्याचं निराशेशी आणि स्वतःबद्दलच्या कमीपणाशी नातं संशोधनात दिसत आलं आहे. पातळ डाळीवरची सूचना दुसऱ्या प्रकारातली. 'कांचा' वरवर तिसरा वाटतो, मला तो चौथा वाटला. बापावर हसणाऱ्या गर्दीत उभं राहिलं की 'तू कोण?' असं आपल्याला कुणी विचारत नाही. हे मी त्याला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याचीही नक्कल केली असती.

मी वेगळं काही मागितलं. "कांचा पाहिला. आता खरे बाबा करून दाखव."

तो उठला. लाठी धरल्यासारखा हात केला, 'शाबजी' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबला. बराच वेळ तसाच उभा होता. मग म्हणाला, "बाबा शाबजी म्हणत नाहीत. साहेब म्हणतात. नीट म्हणतात." आणखी थोड्या वेळाने: "शाबजी मी सिनेमातनं उचललं. मला बाबा येत नाहीत मॅडम."

नकलाकार मुलाला एखादा माणूस जमत नाही, ही त्याच्या दृष्टीने मोठी हार होती. मी समोर कागद ठेवला आणि तीन पिढ्यांचा कुटुंबाचा आराखडा काढायला सांगितला. समुपदेशनात हे नेहमीचं साधन आहे. बोलून जे सापडत नाही ते कधी कधी रिकाम्या चौकटीत दिसतं. आईकडची बाजू पणजोबांपर्यंत भरली, दोन मावश्यांच्या भांडणासकट. वडिलांकडच्या बाजूला एकच चौकट, आत 'बाबा'. आजीचं नाव त्याला माहीत नव्हतं. सोसायटीत तर वडिलांचंच नाव कुणाला माहीत नव्हतं. बावीस वर्षं सगळ्यांचे ते 'बहादूर'.

काम दिलं ते एवढंच: आठवड्यातून दोन रात्री बाबांबरोबर गस्तीला जायचं. सुधारणेचं, माफीचं बोलणं काढायचं नाही. नक्कल शिकायला आलोय असं सांगायचं.

तिसऱ्या आठवड्यात तो आला तो घाईघाईनेच बोलायला लागला. बाबा रात्री दोनला प्रत्येक मजल्यावर कान देऊन उभे राहतात. कुणाच्या घरी नळ वाहतोय, कुणाचं बाळ रडतंय, कोणत्या आजोबांचा खोकला वाढलाय, सगळं त्यांना ठाऊक. आणि बाबा नकला करतात! लिफ्टपाशी बसून त्यांनी सेक्रेटरींचं पार्किंगवरचं पूर्ण भाषण हुबेहूब करून दाखवलं, घसा खाकरण्यासकट. मुलगा पायरीवर बसून हसत सुटला. "कुठं शिकलात?" तर म्हणाले, गावात.

अछाम, डोटी, बझांग, बाजुरा या भागात देउडा खेळतात. माणसं हातात हात धरून गोल करतात, पावलं एकत्र पडतात, एक बाजू गाण्यात सवाल टाकते आणि दुसरीने तिथल्या तिथे जुळवून जवाब द्यायचा. जत्रेत, सणाला रात्र-रात्र चालतं. वडील त्यांच्या गावातले नावाजलेले सवाल टाकणारे होते. पाच भावांत सगळ्यांत धाकटे. नेपाळीत भावांना क्रमाने नावं असतात: जेठा, माइला, साइँला, काइँला आणि शेवटचा कान्छा. आजी त्यांना त्याच नावाने हाक मारायची. "कान्छा आला का मुगलानातून?" असं विचारायची. मुगलान म्हणजे त्यांच्या जुन्या बोलण्यातला आपला हिंदुस्थान.

"मी स्टेजवर ते नाव घेतलं मॅडम," तो म्हणाला. "आजी हाक मारायची ते." आणि रडला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, बोलले काही नाही.

व्हिडिओचा विषय वडिलांनीच एका रात्री काढला. म्हणाले, तुझी लाठी चुकीच्या हातात होती. उजव्या हातात बॅटरी असते, लाठी डाव्या. माफी त्यानेही मागितली नाही, त्यांनीही मागायला लावली नाही. पुढच्या फेरीत मुलाने बॅटरी उजव्या हातात धरली.

आईशी मी वेगळी बसले. त्यांनी मुलाला लहानपणापासून एकच सांगितलं होतं: तू माझ्यावर गेलास, तू मराठीच आहेस. त्यांचं सोसणं मोठं होतं, त्यामागची भीती मला कळत होती. तरी मला त्यांना सांगावं लागलं की या वाक्यात नवऱ्याचं नाव पुसलं जातंय. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांनी 1993 मध्ये मिश्र वारशाच्या माणसांच्या हक्कांची यादी लिहिली. आईवडील ज्या नावाने आपल्याला ओळखतात त्याहून वेगळं स्वतःला ओळखायचा हक्क, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं ओळखायचा हक्क, आयुष्यात ते बदलायचाही हक्क त्यात आहे. मी मुलाला हे वाचून दाखवलं होतं, आईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यानं अर्धं-अर्धं व्हायाचं न्हाई?" नाही. तो आई-वडील दोघांचाही पुरता मुलगा आहे. भाकरीसारखे त्याचे तुकडे पाडायची गरज नाही.

पालकांना एवढंच सांगते की मुलाचा विनोद तोडू नका. 'यात हसण्यासारखं काय आहे' असं दरडावलं की मूल बाहेर हसवतं आणि घरी मुकं होतं. त्याच्या विनोदात दर वेळी लहान कोण होतंय, ते बघा. एखाद वेळी ते मूल स्वतः असेल तर काळजी नको. दर वेळी तेच असेल, किंवा त्याच्या घरातलंच माणूस असेल, तर शांतपणे जवळ बसा. आणि हसत हसत स्वतःच्या मरणाचे विनोद व्हायला लागले, झोप आणि भूक गेली, आवडत्या वस्तू वाटून टाकणं सुरू झालं, तर ते गमतीत घेऊ नका. सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतूनही बोलता येतं.

या मुलाचं सगळं सुरळीत झालं असं नाही. तो व्हिडिओ अजून फिरतोय. कॉलेजात मित्रांनी फार आग्रह केला तेव्हा एकदा त्याने पुन्हा 'कांचा' केला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगितलं. बाबा नेपाळचे आहेत हे कळल्यावर एक मित्र दुरावला. पत्ता सांगताना तो अजूनही क्षणभर थांबतो.

शेवटच्या भेटीला तिघेही आले. त्याने खरे बाबा करून दाखवले: दारापाशी थांबणं, मान किंचित कलवून नळाचा आवाज ऐकणं, बॅटरी उजव्या हातात. कुणी खळखळून हसलं नाही. वडिलांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "चाल थोडी हळू. गुडघा दुखतो माझा."

'सुधारणा' वहीत उत्तराखंडची ओळ खोडलेली होती, इंग्रजीची तशीच होती. खाली नवी ओळ होती: बाबांचे देउडे लिहून घेणे, आठवड्याला दोन. आईंनी ती वाचली आणि फणकारल्या, "आन् माझ्या आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या? आमच्या गावात कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब व्हायचे, त्ये कोण लिहिणार?"

त्याने माझ्या टेबलावरचं पेन उचललं. "सांग की," म्हणाला, "पण हळू सांग."