पंपाचा रिले वारंवार ट्रिप होतो, आणि ‘रिले पीक’ म्हणजे काय?

प्रश्न : मनोरीच्या वाडीत विहिरीवर 3 एचपीची थ्री फेज मोटर आहे. सुरू केली की पंधरा-वीस मिनिटांत स्टार्टर ट्रिप व्हायचा. वायरमनने रिलेचा आकडा शेवटपर्यंत फिरवून दिला, आता पंप थांबत नाही. चालेल ना? दुसरे, रिले पीक पद्धतीबद्दल ऐकले, ती आमच्याकडे जमेल का?

उत्तर : चालणार नाही. आकडा आजच खाली आणा. मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या खाली बसवलेल्या ओव्हरलोड रिलेत दोन धातू जोडून केलेल्या पट्ट्या असतात. करंट वाढला की त्या तापून वाकतात, कॉन्टॅक्टरला धरून ठेवणाऱ्या कॉइलचा पुरवठा तुटतो आणि कॉन्टॅक्टर सुटतो. आकडा चढवून करंट कमी झालेला नाही. तो आता मुकाट्याने वाइंडिंग तापवतोय. मोटरच्या पाटीवरचे अँपिअर बघा. 3 एचपीला ते साधारण 5 च्या आसपास असतात. डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) असेल तर रिले पाटीवरच्या आकड्यालाच लावायचा.

मग टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमट्यासारखे लावायचे मीटर) चालू मोटरच्या तिन्ही वायरींचा करंट मोजून घ्या. एकीत शून्य आणि उरलेल्या दोघींत पावणेदोन पटीच्या घरात दिसला, तर एक फेज गेलेली आहे. बहुतेक वेळा फ्यूज तरी उडालेला असतो किंवा टर्मिनल तरी ढिले. खाडीच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो, पावसाळ्यात पेटीत मुंग्या घर करतात आणि कॉन्टॅक्ट नीट बसत नाहीत. मेन स्विच काढूनच पेटी उघडा. कॉन्टॅक्टर दाबून धरायला काडी खोचलेली असेल तर ती आधी काढून फेका! तिन्ही वायरींत सारखाच पण जादा करंट असेल तर व्होल्टेज, बेअरिंग आणि ग्लँडची दोरी (पंपाच्या शाफ्टजवळ पाणी अडवणारी) तपासा. डिलिव्हरी पाइप फुटला तरी करंट चढतो, कारण अडथळा नसल्यामुळे पंप जास्त पाणी फेकू लागतो.

एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की हा रिले उपयोगाचा नाही. पंप कोरडा चालला तर करंट घटतो, त्यामुळे रिले ट्रिप होत नाही आणि सील जळते. त्यासाठी ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लावावा लागतो. मी तर एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरही त्याच्याबरोबरच घ्या म्हणेन. दोन्हींचा खर्च मोटर रिवाइंड करण्यापेक्षा परवडतो. ट्रिप झालेल्या रिलेचा रिसेट मात्र हातानेच ठेवा. तो ऑटोवर असेल आणि पंप फ्लोट स्विचवर (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) चालत असेल, तर कोणी फूटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलेला असतानाही मोटर आपोआप सुरू होऊ शकते.

रिले पिकाचा स्टार्टरशी संबंध नाही. शर्यतीत काठी हातोहात जाते तसे, पहिले पीक शेतात उभे असतानाच दुसरे पेरायचे. विदर्भात उभ्या भातात लाखोळी (लाखेची डाळ) फोकतात ती हीच पद्धत. आपल्या कोकणपट्टीत भात कापल्यावर अंगओलीवर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, वाल घेतातच. तोच कापणीच्या थोडा आधी टाकून बघता येईल. जमीन ओली हवी, पण पाणी साचलेले नको. खाजणाच्या खाऱ्या तुकड्यात करू नका, वाल तिथे तग धरत नाही. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठेच पुरे. भात कापताना पाय पडून रोपे मोडतात, म्हणून कापणाऱ्यांना आधीच बजावून ठेवा.