‘अनुकूलक प्रथिन’ की ‘जोडप्रथिन’?

सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, पेशीतील ‘अडॅप्टर प्रोटीन’ला मराठी टिपणात ‘अनुकूलक प्रथिन’ म्हणावे की ‘संदेशवाहक प्रथिन’. माझ्या मते दोन्ही टाळून ‘जोडप्रथिन’ लिहावे. ‘अनुकूलन’ हा शब्द जीवशास्त्रात परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी रूढ आहे, तर ‘संदेशवाहक’ म्हटले की विद्यार्थ्याला आरएनए आठवतो.

हे प्रथिन करते काय, ते पाहावे. वृद्धिघटक (पेशीला वाढीचा संदेश देणारा पदार्थ) बाहेरून येऊन प्रद्रव्यपटलातील (पेशीच्या बाह्य आवरणातील) ग्राही, म्हणजे संदेश घेणाऱ्या, प्रथिनाला चिकटला की अशा दोन ग्राहींची जोडी जमते आणि ते पेशीच्या आतल्या बाजूस एकमेकांच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात. ‘जीआरबी-२’ हे अवघ्या २१७ अमिनो आम्लांचे जोडप्रथिन आपल्या मधल्या, एसएच-२ नावाच्या भागाने असे फॉस्फेटयुक्त टायरोसीन पकडते आणि दोन टोकांच्या एसएच-३ भागांनी ‘सॉस’ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवते. त्यामुळे सॉस पटलापाशी पोहोचते, तेथील ‘रास’ प्रथिनावरचा जीडीपी हा रेणू सुटून त्या जागी जीटीपी बसतो, म्हणजे रास सक्रिय होते, आणि राफ, मेक, अर्क या प्रथिनांच्या साखळीतून विभाजनाचा आदेश केंद्रकापर्यंत जातो. जीआरबी-२ स्वतः एकही रासायनिक अभिक्रिया घडवत नाही, म्हणजे ते विकर (एन्झाइम) नव्हे; जोडणे एवढेच त्याचे काम, आणि नावात तेच यावे.

जोडाक्षर म्हणजे जोडलेले अक्षर, मग जोडप्रथिन म्हणजे जोडलेले प्रथिन असा अर्थ होणार नाही का, अशी शंका रास्त आहे. परंतु महामार्गावरून सातारा शहरात येणाऱ्या रस्त्याला आपण जोडरस्ता म्हणतो, तेव्हा ‘जोडणारा’ हाच अर्थ घेतो. मराठीला दोन्ही अर्थ चालतात.

‘नियामक प्रथिन’ हे नाव मात्र फार मोघम होईल, जरी ही प्रथिने नियमन करतात हे खरे असले तरी. तेच जीआरबी-२ ‘सीबीएल’ या विकरालाही ग्राहीपाशी आणते. सीबीएल ग्राहीवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते आणि असा ग्राही पेशीत ओढला जाऊन लयकारिकेत (लायसोसोममध्ये) नष्ट होतो. संदेश सुरू होणे आणि आवरणे, दोन्ही गोष्टी कोणाला कोणाशी जोडले यावर ठरतात. म्हणून टिपणात ‘जीआरबी-२ रासला सक्रिय करते’ असे न लिहिता ‘जीआरबी-२ सॉसला ग्राहीशी जोडते आणि सॉस रासला सक्रिय करते’ असे लिहावे.