'वर्किंग क्लास' म्हणजे कामगार वर्ग का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या मराठी बातम्यांत 'वर्किंग क्लास'चं सरसकट 'कामगार वर्ग' केलं जातं, ते बरोबर आहे का? आणि 'पांढरपेशा' हा शब्द 'व्हाइट कॉलर'वरूनच बेतला आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याची किल्ली तिथेच आहे. बेतलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणच्या महसुली नोंदींत कुळांची प्रतवारी करताना हा शब्द भेटतो: कुणबी कुळं वेगळी, पांढरपेशी वेगळी. 'व्हाइट कॉलर' रुळला तो विसाव्या शतकात. आणि पांढरपेशेपणाचा खिशाशी संबंध तसा कमीच. महिनाअखेरीला उसनवारी करणारा कारकून पांढरपेशा, दारात दोन ट्रॅक्टर उभे असलेला बागायतदार नव्हे. शिक्षण, बोलण्याची धाटणी आणि, स्पष्टच बोलायचं तर, जात यांवर ते ठरत आलं.

अमेरिकी राजकारणातली आजची फूटही बरीचशी अशीच आहे, पैशापेक्षा पदवीवर पडलेली. मतदानाच्या विश्लेषणात 'वर्किंग क्लास' बहुतेकदा एकाच प्रश्नावर ठरतो: कॉलेजची चार वर्षांची पदवी आहे का? नसली की तुम्ही वर्किंग क्लास, मग गोदामात खोकी उचलत असा की हाताखाली दहा माणसं राबवणारे ठेकेदार असा. पदवीधर शिक्षिकेचा पगार त्या ठेकेदाराच्या कमाईच्या निम्मा असला, तरी ती या गटाबाहेर. २००८ मध्ये ओहायोत एका माणसाने ओबामांना कराबद्दल छेडलं. त्याला वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारा प्लंबिंगचा धंदा विकत घ्यायचा होता. ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी 'जो द प्लंबर' म्हणून शेवटच्या जाहीर वादात त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं आणि तो कष्टकरी अमेरिकेचा चेहरा ठरला. आपल्याकडे धंदा विकत घ्यायला निघालेल्याला कोणी कामगार म्हणत नाही, शेटच म्हणतात.

'कामगार' म्हटलं की मराठी वाचकाला गिरणी, युनियन, लाल बावटा, १९८२ चा संप आठवतो. अमेरिकेत नोकरदारांपैकी युनियनचे सभासद आता जेमतेम दहा टक्के आहेत. १९५०च्या दशकात ते एक-तृतीयांशाच्या आसपास होते. पदवी नसलेले प्रौढ मात्र साठ टक्क्यांच्या वर. त्यात २०२४ मध्ये मोटार कामगारांच्या यूएडब्ल्यू या युनियनने ट्रम्प यांच्या डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी हॅरिस यांना पाठिंबा दिला होता आणि ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनने कोणालाच नाही. तेव्हा 'कामगार वर्ग ट्रम्प यांच्या मागे' हे शीर्षक वाचून युनियनाच तिकडे गेल्या असं कोणाला वाटलं, तर दोष वाचकाचा नाही.

मग 'कामगार' चुकीचाच का? मिशिगन राज्यातल्या मॅकोम्ब काउंटीपुरता (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) अगदी चपखल. डेट्रॉइटला लागून असलेला मोटार कारखान्यांचा हा पट्टा. १९६० मध्ये इथे डेमोक्रॅट केनेडींना साठ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली होती, १९८४ मध्ये जवळपास तितकीच रिपब्लिकन रीगन यांना पडली. 'रीगन डेमोक्रॅट', म्हणजे रीगनना मत देणारे डेमोक्रॅट, या शब्दाशी मॅकोम्बचं नाव कायमचं जोडलं गेलं ते तेव्हापासून. पगार, घर, पेन्शन कारखान्याने दिलेलं, पण शहरातल्या काळ्या वस्तीबद्दलचा राग आणि आपला कर भलत्यांवर खर्च होतो ही तक्रार मतपेटीत उतरली. ओबामांनी २००८ आणि २०१२ मध्ये ही काउंटी जिंकली. २०१६ मध्ये ट्रम्प यांना इथे सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली, आणि अख्खं मिशिगन त्यांनी जिंकलं ते १०,७०४ मतांनी! मधल्या वर्षांत कारखाने मेक्सिकोकडे आणि चीनकडे सरकले होते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, नाफ्टा, १९९४ चा, चीन जागतिक व्यापार संघटनेत आला २००१ मध्ये. दोन्हींना दोन्ही पक्षांतल्या बड्यांचा हातभार होता, हे तिथला माणूस विसरलेला नाही.

दुसरी गफलत विशेषणाची. पुष्कळदा मूळ मजकुरात 'व्हाइट वर्किंग क्लास' असतं आणि भाषांतरात 'गोरा' गळतो. पदवी नसलेल्या काळ्या मतदारांनी बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षालाच मतं दिली आहेत, तेव्हा हे गळणं किरकोळ नव्हे. लॅटिनो मतदार मात्र खरोखर सरकले. टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळजवळ संपूर्ण लॅटिनो आणि गरीब. २०२४ मध्ये तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला, शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदा. त्याच वर्षी एडिसन रिसर्चच्या मतदानोत्तर चाचणीत पन्नास हजार डॉलरच्या आतल्या उत्पन्नगटात ट्रम्प किंचित पुढे होते आणि लाखाच्या वर हॅरिस. गरीब डेमोक्रॅट, श्रीमंत रिपब्लिकन हा जुना ठोकताळा इथे उलटला.

'मिडल क्लास'चं 'मध्यमवर्ग' चालवून घ्यावं, पण जपून. मध्यमवर्गाची कड घेताना बायडेन यांनी करवाढीतून सूट सांगितली ती वर्षाला चार लाख डॉलरच्या आतल्या सगळ्यांना. तिथलं मधलं कौटुंबिक उत्पन्न ऐंशी हजारांच्या आसपास आहे. 'इलीट'ला 'श्रीमंत' तर मुळीच करू नये, 'अभिजन' योग्य.

वापरायचं कसं, तर आकडेवारीच्या बातमीत सरळ 'पदवी नसलेले मतदार' लिहावं. उमेदवार भाषणात 'वर्किंग पीपल' म्हणतो तिथे 'कष्टकरी', आणि युनियन, कारखाना, संप असेल तिथेच 'कामगार'. कोणी 'बहुजन'ही सुचवतात. तो शब्द इथल्या जातिव्यवस्थेच्या पोटातून आलेला आहे, ओहायोतल्या गोऱ्या ठेकेदाराला तो मी तरी लावणार नाही.