परिसीमन, पुनर्रचना की प्रभागरचना?

मतदारसंघांच्या हद्दी नव्याने ठरवण्याबद्दल प्रश्न असा आला आहे : लोकसभेची बातमी असली की वर्तमानपत्रं ‘परिसीमन’ छापतात, महापालिकेची असली की ‘प्रभागरचना’, मधूनच ‘सीमांकन’ही दिसतं. यांत फरक आहे का? आणि ‘जेरीमँडरिंग’ला, म्हणजे स्वपक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखण्याला, मराठीत काय म्हणावं?

फरक आहे, आणि तो जपावा असं मला मनापासून वाटतं.

‘सीमांकन’ आधी बाजूला काढू. ठरलेली हद्द जागेवर खुणा करून दाखवणं म्हणजे सीमांकन. मोजणीदार शेतात येऊन हद्द कायम करून देतो, ते हे काम. मतदारसंघाच्या कडेला कुणी दगड रोवत नाही. तिथली हद्द नकाशावर आणि आदेशात ठरते.

‘परिसीमन’ची घडण निर्दोष आहे, पण तो रुळला हिंदीच्या वाटेने. हिंदीत ‘निर्वाचन क्षेत्र’ म्हणतात. क्षेत्र म्हटलं की त्याच्याभोवती सीमा आखणं ओघानं आलंच. आपला शब्द मात्र ‘मतदारसंघ’, म्हणजे मतदारांचा संघ. जिल्हा परिषदेला ‘गट’, पंचायत समितीला ‘गण’. सरकारी कागदावर ‘निवडणूक विभाग’ आणि ‘निर्वाचक गण’ असतं, पण गावात विचारतात ते ‘तुमचा गट कोणता?’ असंच. हे तिन्ही शब्द जमिनीचे नाहीत, माणसांच्या समूहाचे आहेत. समूहाची पुनर्रचना होते, म्हणून ‘मतदारसंघ पुनर्रचना’ हा शब्द मराठीच्या अंगाला जास्त बसतो. कामाचा गाभाही तोच आहे : जवळपास सारख्या लोकसंख्येचे, शक्यतो सलग समूह करायचे. २००८च्या पुनर्रचनेनंतर कराड, इचलकरंजी, खेड हे लोकसभा मतदारसंघ राहिले नाहीत आणि मावळ, शिरूर, पालघर नव्याने आले. तेव्हा सगळीकडे ‘पुनर्रचनेत मतदारसंघ गेला’ हेच ऐकू यायचं.

मात्र त्या वेळी महाराष्ट्राच्या जागा ४८च राहिल्या, कारण राज्यांच्या वाट्याच्या जागा १९७६च्या घटनादुरुस्तीने गोठवल्या आणि पुढे ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली गेली. लोकसंख्या कमी वाढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना आपला वाटा घटण्याची काळजी आहे, ती या जागांची. त्या बातमीत ‘परिसीमन’ एवढंच लिहिलं तर वाचकाला उलगडा होत नाही. तिथे ‘जागांची फेरवाटणी’ म्हणावं आणि राज्याच्या आतल्या हद्दी बदलण्याला ‘पुनर्रचना’.

आता जेरीमँडरिंग. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी स्वपक्षाच्या सोयीच्या मतदारसंघरचनेवर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बॉस्टनच्या वृत्तपत्राने त्याला चित्रात पंख आणि नख्या जोडून सॅलॅमँडर (सरड्यासारखा दिसणारा प्राणी) बनवलं. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून शब्द झाला. त्या वर्षी राज्याच्या सिनेटसाठी विरोधी फेडरलिस्टांना मतं थोडी जास्त पडली, पण ४० पैकी २९ जागा गेरींच्या पक्षाला मिळाल्या. एक बारकावा : आडनावाचा उच्चार ‘गेरी’, पण शब्द रूढ झाला तो ‘जेरी’.

याला नवा संस्कृत शब्द पाडायची गरज मला दिसत नाही. पालिका निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते ‘सोयीची प्रभागरचना’ म्हणतात, ‘प्रभाग फोडला’ म्हणतात. यातलं ‘फोडणं’ ही जेरीमँडरिंगची अर्धी युक्ती झाली : विरोधकाची हक्काची वस्ती तीन-चार प्रभागांत विखरून टाकायची, म्हणजे तो कुठेच निवडून येत नाही. उरलेली अर्धी म्हणजे त्याची सगळी मतं एकाच प्रभागात कोंडायची. तिथे तो प्रचंड मतांनी जिंकतो आणि शेजारचे सगळे प्रभाग हरतो. ‘फोडणं’ आणि ‘कोंडणं’, दोन्ही अस्सल मराठी आणि अर्थाला चपखल.

‘आयोग’ शब्दाचीही गल्लत होते. निवडणूक आयोग आणि परिसीमन आयोग एक नव्हेत. २००२च्या कायद्याने नेमलेल्या परिसीमन आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. प्रत्येक राज्यातले जास्तीत जास्त पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण ज्याला निवडणूक लढवायची त्याने आपली हद्द स्वतः आखू नये. कॅलिफोर्नियाने २००८च्या जनमताने याहून पुढची वाट धरली. तिथला १४ जणांचा आयोग सामान्य नागरिकांचा असतो : पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार कुठलेच नाहीत. त्यातले पहिले आठ चिठ्ठ्या टाकून निवडतात. नकाशा मंजूर व्हायला नऊ मतं लागतात, तीही तिन्ही गटांतून किमान तीन-तीन.

आपल्या महापालिकांचं मात्र वेगळं आहे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदे दुरुस्त करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतला. म्हणून ‘आयोगाने प्रभाग पाडले’ असं सरसकट लिहू नये. ‘प्रभागरचना’ शब्द पालिकांपुरता ठेवावा आणि वाक्यात ती कुणी केली, त्याचं नाव घालावं.