दाह, शोथ आणि अंगावरचा डाग

प्रश्न असा आहे : त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमावर, म्हणजे टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या त्वचेत होणाऱ्या कर्करोगावर, मराठीत लिहिताना ‘इन्फ्लमेटरी सायटोकाइन्स’ना (इन्फ्लमेशन घडवणाऱ्या, पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनांना) ‘दाहक’ म्हणावं की ‘शोथकारक’?

त्याआधी एक. या लिम्फोमाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार मायकोसिस फंगॉइड्स, आणि त्याला ‘बुरशीचा आजार’ म्हणणं कृपा करून थांबवा. बुरशीचा इथे काडीचा संबंध नाही. रुग्णाच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या म्हणून फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी १८३२ मध्ये हे नाव दिलं, एवढंच. ‘बुरशी’ वाचून माणूस गजकर्णाचं मलम चोळत बसायचा.

आता ‘शोथ’. आयुर्वेदाचे जाणकार त्यावर अडून बसतात, मला ते मुळीच पटत नाही. शोथ म्हणजे सूज, माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथातही सूजच. रोमन लेखक केल्ससनं पहिल्या शतकात इन्फ्लमेशनची लक्षणं चार सांगितली : लाली, सूज, ऊब, वेदना. त्यातली सूज तेवढी उचलून सगळ्याला तिचं नाव का द्यायचं? दाहातही एकच लक्षण येतं म्हणाल, तर ‘इन्फ्लमेशन’च्या मूळ लॅटिन शब्दाच्या पोटातच ज्वाळा आहे. आपल्याही शब्दात आग हवी.

आणि ‘दाह’चं गोत काय सुंदर आहे! धातू दह्, म्हणजे जाळणं. फारसी ‘दाग’ म्हणजे तापल्या लोखंडाचा चटका आणि त्याची खूण. तो दह् चाच इराणी भाऊ. त्याच धातूचा ‘निदाघ’ (कडक उन्हाळा) शेजारी ठेवा, ‘दाग’मधल्या ग शी जुळणारा घ दिसेल. मराठीत तोच ‘डाग’. विळा तापवून डागतात, तोफ डागतात, म्हणजे आग अजून शाबूत आहे. द चा ड कसा झाला? माझं ठाम मत, ही जुनी प्राकृत सवय. दाह, दग्ध, दोला, दंड यांत द चा विकल्पानं ड होतो, असं सूत्रच प्राकृत व्याकरणकार हेमचंद्रानं बाराव्या शतकात दिलंय. ‘डाह’ तोंडात होताच, फारसी पाहुणा त्याच पंगतीत बसला. ‘फारसी’ एवढं लिहून मोकळे होणारे कोश हे सांगत नाहीत.

मायकोसिस फंगॉइड्सची सुरुवात कशानं होते? डागानंच. कंबर, कुल्ले, मांड्या, जिथे ऊन पोचत नाही तिथे पातळ खपल्यांचे लालसर डाग. कित्येकदा वर्षानुवर्षं इसब समजले गेलेले. दाह आणि डाग, एकाच कातडीवर, एकाच धातूचे.

‘दाहक’ मात्र नको. दाहक म्हणजे स्वतः जाळणारं, तेजाबासारखं. सायटोकाइन जाळत नाही, पेशींना निरोप पोचवतं. आणि सगळे निरोप सारखे नसतात. सुरुवातीच्या डागांत इंटरफेरॉन-गॅमा या सायटोकाइनचा जोर असतो, कर्करोगाशी लढणाऱ्या पेशींना तो बळ देतो. आजार पुढे गेला की इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दुसऱ्या सायटोकाइन्सचं पारडं जड होतं नि ती लढाई थंडावते. रात्र रात्र झोपू न देणाऱ्या खाजेचा संबंध इंटरल्यूकिन-३१ शी जोडतात. या सगळ्यांना सरसकट ‘दाहक’ म्हटलं की खाज कुठली नि लढाई कुठली, काही कळत नाही. ‘दाहकारी’ लिहा, आणि शेजारी सायटोकाइनचं नावही लिहा.