समलिंगी म्हणून घरच्यांनी तोडलंय. सणाच्या दिवशी प्रार्थना करावी का? की त्याने जास्तच त्रास होतो?

करा, फक्त ती घरच्याच पद्धतीने करायचा हट्ट धरू नका. सणांच्या दिवसांत मी एका मदतगटाचे फोन घेतो, त्यातून कळलेलं सांगतो: सकाळ कशीबशी निभते, संध्याकाळ जड जाते. घरच्यांचा एकत्र फोटो मोबाइलवर येतो आणि त्यात आपली जागा रिकामीसुद्धा ठेवलेली नसते. म्हणून नेमकी ती वेळ आधीच बांधून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत, समोर एक दिवा, आणि ज्यांनी तुम्हाला आपलं मानलं त्यांची नावं मोठ्याने घ्या. दहा मिनिटं पुरतात. आईचं नाव ओठांवर आलं तर तेही घ्या, रडू आलं तर येऊ द्या. जमलं तर सगळ्यांना सामावून घेणाऱ्या उपासनेला जा. ट्रॉय पेरी हे पाद्री समलिंगी म्हणून आपल्या चर्चमधून बाहेर पडले. १९६८ मध्ये त्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या स्वतःच्या घरात उपासना ठेवली, बारा माणसं जमली, आणि त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये समलिंगी ज्यूंचं सिनेगॉगही, म्हणजे प्रार्थनास्थळही, सुरू झालं. ‘तू बदलावास म्हणून प्रार्थना करू’ असं कुणी म्हणालं, तर मात्र तिथून सरळ उठा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर दिव्यासमोर बसून राहू नका, आधी मित्राला किंवा हेल्पलाइनला फोन लावा.